बोकड कशाला पाठवला?

मा. संपादक, नमस्कार.

आपल्या पेपरात इंग्रजी बोलायला शिकवणारी चौकट येते ती मी कापून ठेवतो. गेल्या आठवड्यात कौतुकाचे शब्द होते, 'यू नेल्ड इट', 'वे टू गो', 'यू किल्ड इट', 'स्ले' वगैरे, आणि सगळ्यांपुढं अर्थ एकच, छान केलंस. अर्थ बरोबर आहे हो, पण कुणी कुणाला म्हणायचं ते कोण सांगणार?

आमच्या घरचंच सांगतो. वडील ८१ वर्षांचे, सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत पहिले आले, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर अमेरिकेतल्या नातवानं खाली नुसतं बकरीचं चित्र टाकलं. वडील म्हणाले, हा काय आता बोकड कापायला लावतो का, कप तरी दीडशे रुपयाचा आहे का! नंतर कळलं की गोट म्हणजे 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'ची पहिली अक्षरं, बॉक्सर मोहम्मद अली स्वतःला द ग्रेटेस्ट म्हणायचा आणि १९९२ मध्ये त्याच्या बायकोनं जी.ओ.ए.टी. याच नावानं कंपनी काढली. गंमत म्हणजे अमेरिकेच्या खेळात आधी गोट म्हणजे ज्याच्यामुळं मॅच गेली तो, बळीचा बकरा. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे तिकडच्या बेसबॉलच्या फायनलमध्ये, बोस्टनच्या बिल बकनरच्या पायातनं बॉल गेला तर त्याला लोक गोटच म्हणायचे. म्हणजे एकाच शब्दात शिवी पण आणि आरती पण.

आता 'वे टू गो'. मी चौकट वाचून साहेबांच्या प्रमोशनला हौसेनं लिहून पाठवलं, उत्तर आलं नाही. मग भाचीनं समजावलं की मामा हे कोच पोरांना म्हणतो. म्हणजे आपलं शाब्बास झालं ना, आपण साहेबाला शाब्बास म्हणतो का? तीच भाची पास झाली तेव्हा मी 'स्ले' लिहिलं तर म्हणाली मामा प्लीज नको. हा शब्द न्यूयॉर्कच्या बॉलरूममधल्या, म्हणजे नाच-फॅशनच्या स्पर्धांमधल्या, काळ्या आणि लॅटिनो गे-ट्रान्स मंडळींनी रुळवला, 'प्रॉप्स' हिपहॉपवाल्यांनी, तो प्रॉपर रिस्पेक्टचा तुकडा आहे. माझ्यासारख्या रिटायरमेंटला आलेल्या माणसाच्या तोंडात ते कसं दिसणार, डोक्यावर उलटी टोपी घातल्यासारखं.

कुडोज त्यातल्या त्यात सेफ, ऑफिसात चालतो. पण मूळ ग्रीक शब्द, अर्थ कीर्ती, शेवटचा स अनेकवचनाचा नाहीच, तरी आमच्याकडं मेलमध्ये 'वन कुडो टू यू' येतं. असो.

देशाप्रमाणं पण फरक आहे. ऑस्ट्रेलियात 'गुड ऑन या', आयर्लंडमध्ये 'फेअर प्ले टू यू', आणि इंग्रज माणूस 'नॉट बॅड' म्हणाला तर ते बऱ्याचदा चांगलं कौतुक असतं. हे आपल्याला कळायला अवघड नाही, आमच्या साताऱ्याकडं जेवण कितीही फक्कड झालं तरी म्हातारी माणसं 'बरं झालंय' एवढंच म्हणतात आणि तिसऱ्यांदा वाढून घेतात. 'सिक' म्हणजे भारी हे ऐकून लोक हसतात पण आपण 'खतरनाक' आणि 'बेक्कार भारी' म्हणतोच की, आणि कोल्हापूरकर 'नाद खुळा' म्हणतो तेव्हा कोण डॉक्टरकडं पळतं?

तर विनंती एवढीच, शब्दापुढं अर्थासोबत अजून एक ओळ द्या, मित्राला चालेल की साहेबाला, लिहायचा की नुसता बोलायचा, आणि साधारण कुठल्या वयाचे लोक वापरतात. जागा नसेल तर शब्द कमी द्या, दहाच्या जागी चार चालतील.

आणि हो, वडिलांना तो बोकड आता फार आवडलाय. परवा मी लाइट बिल भरलं म्हणून ग्रुपवर टाकलं, खाली लगेच बोकड.

आपला एक वाचक,
सातारा