बायोप्सी घेतलीच आहे, तर पुरती तपासा

संपादक महोदय,

अपचन हटत नाही म्हणून एंडोस्कोपी होते, जठराच्या अस्तराचे बारीक तुकडे बायोप्सीला जातात आणि अहवालात ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी पॉझिटिव्ह’ एवढेच येते. जठरात राहणाऱ्या या जंतूवर कोणते अँटिबायोटिक चालेल, हे बहुधा पाहिलेच जात नाही. ठरलेल्या गोळ्या लिहून दिल्या जातात. हा जंतू त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला अनेकदा दाद देत नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या प्राधान्य यादीत घातले, ते उगीच नाही. त्याच तुकड्यातला जंतू वाढवून किंवा त्याची जनुके तपासून नेमके औषध निवडता येते. कल्चर, म्हणजे जंतू वाढवणे, अवघड आहे, मान्य. जंतू नाजूक, वाढतोही सावकाश आणि नमुना प्रयोगशाळेत लगेच पोहोचावा लागतो. पण किमान पहिला उपचार फसल्यावर तरी ही तपासणी व्हायलाच हवी. न लागू पडलेले क्लॅरिथ्रोमायसिनच पुन्हा देणे हा रुग्णावर अन्याय आहे.

शिवाय ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या तपासणीआधी साधारण २ आठवडे बंद नसतील, तर जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. त्या कधी थांबवायच्या, याची लेखी सूचना एंडोस्कोपीची तारीख देतानाच रुग्णाच्या हाती पडावी.

– एक वाचक