यादी लावायच्या आधी

सोलापूर

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास की तुमची आणि समोरची विमान कंपनी एक होतायत, दोन्हीकडच्या पायलटांची एकच सिनियॉरिटी लिस्ट करायचीय आणि युनियननं कमिटीवर तुझं नाव दिलंय, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तू घाईत होतास, चिडलेला पण होतास, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझं म्हणणं सरळ आहे, जॉइनिंग डेट बघा आणि नावं लावा. तुमची कंपनी जुनी, त्यामुळे तुमचे सगळे आपोआप वर. पण समोरच्या कंपनीत पोरांना कमांड, म्हणजे कॅप्टनपद, लवकर मिळालीय, आज कॅप्टन म्हणून उडतायत ती उद्या तुमच्या फर्स्ट ऑफिसरांच्या खाली जाणार, ती गप्प बसतील का बे?

अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या विमान कंपन्या 2005 ला एक झाल्या तेव्हा हेच झालं. यूएस एअरवेजवाले जुने, त्यांना तारीख पाहिजे होती, वेस्टवाले म्हणाले तुमची कंपनी दिवाळखोरीत होती, आमच्यामुळे वाचली. लवाद निकोलाव यांनी 2007 ला निकाल दिला, वरच्या पाचशेहून जास्त जागा मोठी विमानं उडवणाऱ्या जुन्यांना, बाकी दोन्ही याद्यांतल्या जागेच्या प्रमाणात, आणि जे ले-ऑफवर होते ते तळाला. सोळा-सतरा वर्षं नोकरी झालेली माणसं कालच्या भरतीच्या शेजारी येऊन बसली. चिडून त्यांनी 2008 ला जुनी युनियनच बदलली आणि यादी लागू होऊ दिली नाही. मग कोर्टकचेरी. 2013 ला अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण झालं तरी वाद संपला नव्हता, शेवटी यादी लागली 2016 ला. एवढ्या वर्षांत कितीजण रिटायर झाले असतील बघ.

आणि उलट टोक म्हणजे टीडब्ल्यूए ही तिथलीच विमान कंपनी. 2001 ला अमेरिकननं ती घेतली आणि तिथल्या एअर होस्टेसना अमेरिकनच्याच युनियननं सरसकट यादीच्या तळाला टाकलं, वीस-तीस वर्षं नोकरी झालेल्यांना सुद्धा. त्यानंतर 11 सप्टेंबर, मग कपात, आणि कपात तळापासून होते, 2003 पर्यंत त्या सगळ्या घरी. हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप नाही लागली रे. कंपनीनं केलं असतं तर समजू शकलो असतो, युनियननं केलं! पुढं 2007 ला तिथं कायदा झाला की याद्या न्याय्य पद्धतीनं एकत्र करायच्या, वाद मिटला नाही तर लवादाकडं जायचं.

आपल्याकडचं तर तुला माहितीच आहे, 2007 ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, आणि 2012 ला ड्रीमलायनर या नव्या विमानाचं ट्रेनिंग कुणाला यावरून पायलटांचा 58 दिवस संप. दोन्हीकडच्या नोकरदारांना एकत्र कसं बसवायचं हे ठरवायला नेमलेल्या धर्माधिकारी समितीचा अहवाल आला तो विलीनीकरणानंतर पाच वर्षांनी.

मी रेल्वेत हयात घालवली, विमानातलं मला काय कळतंय, पण यादी कळते. लॉबीत, म्हणजे ड्युटीवर हजेरी लावतात तिथं, प्रोव्हिजनल (कच्ची) लिस्ट लागली की माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो आणि लगेच बोट वर सरकवतो, आपल्या वर कोण आलं ते बघायला. तिथं एखादं नाव दिसलं की पेन्सिलनं खूण करून तो तसाच ऑब्जेक्शन लिहायला बसतो. स्वतःच्या विनंतीवर दुसऱ्या डिव्हिजनला गेलेला बॉटम सिनियॉरिटी, म्हणजे तिथल्या यादीत तळाची जागा, मुकाट स्वीकारतो कारण ते त्यानं सही करून घेतलेलं असतं. तुमच्या समोरच्या पोरांनी कशावरही सही केलेली नाही, मालकांनी सौदा केला.

म्हणून सांगतो, नावं नंतर, आधी पद्धत ठरव. कुठल्या तारखेची यादी धरायची, बिनपगारी किंवा बाळंतपणाच्या रजेवरच्यांचं काय, हे दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून लिहून काढा. नोकरीची वर्षं पण मोजा आणि आपापल्या यादीतली जागा पण मोजा, नुसतं एक धरू नका. जे आज वाइडबॉडीवर, म्हणजे मोठ्या विमानांवर, आहेत त्यांच्या जागा काही वर्षं राखून ठेवा, आणि समोरच्या कंपनीच्या कॅप्टनची कमांड काढून घ्यायची भाषा कमिटीत कुणी केली तर तू पहिला उभा राहा. आपले लोक शिव्या देतील, देऊ दे.

पद्धतीचा कच्चा मसुदा झाला की मला पाठव, आमच्या युनियनमध्ये याद्यांची कामं केलेले दोघं अजून इथंच आहेत, त्यांना दाखवतो. वहिनींना नमस्कार. गड्ड्याच्या जत्रेला ये, होटगी रोडच्या विमानतळावर आता मुंबईचं विमान उतरतंय, कारण सांगू नको.

तुझा,
पम्या