चहा राहू द्या, फंडाचे बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अर्थविषयक पुरवणीत टपरीवरच्या चहाचा हिशेब वाचला. रोज दोन कप, महिन्याचे सव्वासहाशे. ते १२ टक्क्यांनी ३० वर्षे गुंतवले तर निवृत्तीला बावीस लाख. गणित बरोबर आहे, मी स्वतः करून पाहिले. (३० वर्षे सलग १२ टक्के कोण देतो, ते सोडा.)

मी सातपूर एमआयडीसीत नोकरी करून २०२४ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसलो. आमच्या सौ.ने १९९६ पासूनच्या जमाखर्चाच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. लेख वाचल्यावर त्या माळ्यावरून काढल्या आणि दोन दुपारी चाळल्या. चहा, वडापाव, पानतंबाखू सगळे ‘ह्यांचा वरखर्च’ या एका ओळीत मावले आहे. कधी शंभर, कधी दीडशे. पण ऑगस्ट २००२ च्या पानावर नोंद आहे, ‘फंडाचे आले ७६,०००’, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाचे. त्याखाली ‘गाडी ४२,०००’, ‘फ्रिज ११,५००’. उरलेले कुठे गेले ते वहीलाही ठाऊक नाही.

तेव्हा मी सहा वर्षांची पहिली नोकरी सोडली होती. ऑफिसातल्या क्लार्कने दोन फॉर्म पुढे सरकवले, फंडाचा १९ नंबरचा आणि पेन्शनचा १०-सी. मी उभ्याउभ्याच सह्या केल्या. त्याच १०-सी वर पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट मागता येते आणि मागची वर्षे पुढच्या नोकरीला जोडली जातात, हे मला कोणी सांगितले नाही. मालक भरतो त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, त्यावर पासबुकात व्याज दिसत नाही, म्हणून माणसाला ते पैसे आपले वाटतच नाहीत.

ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे फंडासोबतच्या या पेन्शन योजनेत, पगार गुणिले वर्षे भागिले ७० असा हिशेब असतो. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना पगार ६,५०० पर्यंतच धरतात. म्हणजे माझ्या त्या सहा वर्षांचे महिना ५५७ रुपये, मी आहे तोवर, माझ्यामागे सौ.ला त्याच्या निम्मे. रक्कम किरकोळ वाटेल. पण आज मला मिळतात साडेतीन हजारांच्या आतबाहेर, त्यात साडेपाचशे म्हणजे महिन्याचे गॅस-वीज थोडेफार निभावले असते. आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षे ज्यांची कुठल्याच एका नोकरीत भरली नाहीत, पण दोन-तीन मिळून पंधरा भरली, असे कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. दर वेळी पैसे काढल्याने त्यांना दमडीही पेन्शन नाही.

हे सगळे मला पुढे आठ-नऊ वर्षांनी कळले, तेही कंपनीबाहेरच्या टपरीवर. शेजारच्या कारखान्यातले युनियनचे एक गृहस्थ कोणाला तरी समजावत होते, मी कप हातात धरून ऐकत उभा राहिलो. चहा बंद केला असता तर तेवढेही कळले नसते!

आमचा मुलगा पुण्यात आहे, चार वर्षांत तिसरी नोकरी. मागच्या वेळी ‘बाबा, फंड काढून लॅपटॉप घेतो’ म्हणाला. मी वहीचे ते पान मोबाइलवर पाठवले. लॅपटॉप हप्त्यांवर आला, फंड नव्या कंपनीकडे वळवला.

तेव्हा पुढच्या पुरवणीत अर्धे पान या १०-सी ला द्यावे, ही विनंती. नमुना फॉर्म छापून कुठल्या रकान्यात काय लिहायचे ते दाखवले, तर कात्रण मी टपरीवर चिकटवीन.

आपला,
एक निवृत्त कामगार, सातपूर, नाशिक