‘द पॅसेंजर’च्या शेवटाबद्दल

पणजी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पेनड्राइव्हवरचा ‘द पॅसेंजर’ सिनेमा बघून तुम्ही फोनवर चिडलात. “नायक मेला, पण मरताना दाखवलाच नाही!” मागून आईचा आवाज, “बायको पोलिसांपुढे खोटं का बोलली?” दोन्ही प्रश्न डोक्यातून जाईनात.

बाबा, आधी तुमचं. नायक लॉक, तो पत्रकार, आफ्रिकेतल्या हॉटेलात मेलेल्या रॉबर्टसनच्या पासपोर्टावर आपला फोटो चिकटवतो, तिथेच स्वतःला मेलेला ठरवतो. रॉबर्टसन निघाला शस्त्रं विकणारा. मग शेवटी लॉकला कोणी मारलं, कशानं, हे बघण्यासारखं उरतंच कुठे? स्पेनमधल्या त्या खोलीत तो खाटेवर आडवा होतो आणि कॅमेरा खिडकीकडे सरकतो, इतका हळू की आधी कळतही नाही. बाहेर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घुटमळतेय, एक पोरगा दगड मारतोय, पांढरी गाडी येते, दोघं उतरतात. आणि कॅमेरा गजांतून आरपार बाहेर! गज बिजागऱ्यांवर होते, कॅमेरा जवळ आला की बाजूला व्हायचे. बाहेर तो क्रेनला टांगला. जवळजवळ सात मिनिटं, एकही कट नाही. चौकातून वळून तो त्याच खिडकीत डोकावतो, तेव्हा लॉक गेलेला असतो. १९७५ साली दिग्दर्शक अंतोनिओनीनं हे केलं.

जत्रेच्या नाटकाच्या तालमीत तुम्हीच सांगायचात ना, रंगमंचावर मरण दाखवायचं नाही, भरतमुनींचा दंडक आहे? तुमचे वध विंगेत व्हायचे, तरी मांडवातली माणसं गप्प व्हायची.

आई, आता तुझं. पोलीस विचारतात, याला ओळखता का? त्याची बायको रेचेल म्हणते, मी याला कधी ओळखलंच नाही. प्रवासात त्याच्याबरोबर असलेली ती मुलगी, जिची त्याच्याशी ओळख थोड्याच दिवसांची, म्हणते, हो. मला रेचेल खोटं बोलतेय असं वाटतच नाही. आफ्रिकेत नवरा गेला असं कळल्यावर ती त्याच्या मुलाखतींच्या फिती बघत बसली. ज्याच्याबरोबर संसार केला त्याला इतक्या उशिरा न्याहाळणाऱ्या बाईनं दुसरं काय म्हणावं? मुलीला मात्र त्यानं पासपोर्टाची सगळी भानगड स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. मला हे फार लागलं. तुला अजूनही पटत नसेल तर फोनवर भांड माझ्याशी.

पुन्हा लावलात तर शेवटी आवाज मोठा ठेवा. जे दिसत नाही त्यातलं थोडं ऐकू येतं.

तुमची,
बाय