शाल-श्रीफळाबरोबर चित्रणही जपा

पुण्यातील ज्येष्ठ दूरचित्रवाणी पत्रकाराच्या निवृत्तीनिमित्त झालेल्या सत्काराचे वृत्त वाचले. सत्कार उचितच, पण तो पुणेरी पगडीपाशी थांबू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचा पूर आमच्या सोसायटीत शिरला. सकाळी हे गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखल तुडवत आले. माइक पुढे करण्याआधी त्यांनी शेजारच्या आजींना विचारले, ‘चहा तरी झाला का?’ वृत्तपत्राचा जुना अंक ग्रंथालयात सापडतो. २०१० चा जर्मन बेकरी स्फोट, २०१४ ची माळीण दुर्घटना यांचे मूळ चित्रण मात्र सामान्य पुणेकराने कुठे पाहायचे? कॅसेटला तर बुरशीही लागते. अशा पत्रकारांकडील चित्रणाचे डिजिटल जतन करण्यासाठी पुणे श्रमिक पत्रकार संघ आणि महापालिकेने पुढाकार घ्यावा.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे