यूयू तू यांना, आर्टेमिसिया पिकवणाऱ्यांकडून

आदरणीय यूयू तू यांस,
सप्रेम नमस्कार.

हिवतापाच्या औषधासाठी आम्ही आर्टेमिसिया ॲनुआ ही वनस्पती पिकवतो. तिच्यातले आर्टेमिसिनिन हे औषध तुम्ही चीनमध्ये शोधलेत. आमच्या कामातले कितीतरी नियम तुमच्या शोधातून आले आहेत, म्हणून हे पत्र.

चौथ्या शतकात गे होंग या चिनी वैद्यांनी ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितले होते. त्यात उकळणे नाही, हे तुम्ही हेरलेत आणि १९७१ मध्ये सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळणाऱ्या ईथर या द्रवाने अर्क काढलात. जास्त तापवायचे नाही, हाच धडा आम्ही पाला वाळवताना पाळतो: सावली, खेळती हवा आणि पातळ थर. थर जाड झाला की आतून तापतो आणि बुरशी धरते. पान वाळून चुरू लागले की फांद्या झोडपून चाळायच्या, कारण औषध पानात आहे, देठात जवळजवळ नाही. हेही तुम्हीच दाखवलेत. फुलण्याआधी कापणी करण्याचा नियमही तुमचाच.

बी मात्र फार नाजूक. एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त बिया. बारीक वाळूत मिसळून मातीवर नुसत्या भुरभुरायच्या. मातीने झाकल्या तर उजेड न मिळाल्याने उगवत नाहीत; झारीच्या जोरदार धारेने वाहून जातात, म्हणून ट्रे खालून भिजवायचा. रोप १० ते १५ सेंटीमीटरचे झाले की शेतात लावायचे. पाणी साचले की मूळ कुजते. दिवस साडेतेरा तासांहून लहान झाला की झाड फुलोऱ्याकडे वळते. त्यामुळे विषुववृत्ताजवळ ते बुटके असतानाच फुलते आणि पाला कमी मिळतो. तिथे उशिरा फुलणारे वाणच लावावेत. संकरित वाणाचे घरचे बी पुन्हा पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत.

पानांचा चहा करून ताप उतरवण्याचा मोह गरीब वस्त्यांत होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण आर्टेमिसिनिन पाण्यात नीट विरघळत नाही, शरीरात काही तासच टिकते. मात्रा अपुरी पडली की हिवतापाचे परजीवी उरतात, औषधाला निर्ढावतात. म्हणूनच हिवतापाच्या गोळीत दुसरे, जास्त काळ टिकणारे औषध जोडलेले असते. जागतिक आरोग्य संघटनाही चहाची शिफारस करत नाही. ताप आला की रक्त तपासायचे आणि तीन दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करायच्या. आमचा पाला अर्क काढणाऱ्यांकडे जातो, तो ही गोळी स्वस्त राहावी म्हणून.

१९७२ मध्ये रुग्णांना देण्याआधी तो अर्क तुम्ही स्वतः घेऊन पाहिलात. २०१५ चे नोबेल त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. आमचे आभार त्या १९७२ च्या घोटासाठी आहेत.

आपले कृतज्ञ,
आर्टेमिसिया पिकवणारे आम्ही सारे