स्नेअरवर ठेवलेल्या त्या हाताबद्दल

सर,

हे पत्र मुद्दाम चारचौघांसमोर लिहितोय. एकट्यात आभार मानले असते तर "अरे, त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही वायरी गुंडाळायला लागला असता.

तुम्ही काय केलंत ते आधी सांगतो. आमच्या बँडचं 'एव्हरीबडी हर्ट्स' चालू होतं आणि ड्रमर पहिल्या ओळीपासूनच स्नेअर, म्हणजे खाली तारा ताणलेला तो तडतडणारा ड्रम, हाणत होता. तुम्ही गाणं थांबवलं नाहीत, कुणाला बोल लावला नाहीत. नुसते वाकलात आणि उजवा तळहात स्नेअरवर सपाट ठेवलात. काठी हवेतच राहिली. डाव्या हातानं बाजूचा खटका पाडलात, तशा खालच्या तारा सैल झाल्या आणि बेसच्या सुरांबरोबर होणारी बारीक खरखरही गेली. दोन कडवी तो हात तिथून हलला नाही. इतकंच.

आता याआधी भेटलेल्यांबद्दल. "भाव कमी पडतोय" असं सांगणारे तीन जण झाले, त्यांतले दोघे पैसे घेऊन. एकानं गायकाला रडवेला आवाज काढायला शिकवलं. दुसऱ्यानं कीबोर्डवर पहिल्या मात्रेपासून व्हायोलिनचा पडदा टाकायला लावला, शिवाय गिटारला इतका रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, की गाणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटावं. दुःखाचं गाणं म्हणजे दुःखाचंच, सगळी एकाच पातेल्यात शिजवायची, असा त्यांचा हिशेब. निराशेचं गाणं आणि धीर देणारं गाणं यांची बांधणीच वेगळी असते, हे तुम्ही हात उचलल्यावर दहा मिनिटांत उलगडून दाखवलंत.

स्नेअर गेल्यावर ऐकू आली ती गिटार. डी आणि जी, दोनच कॉर्ड (एकत्र लागणारे स्वरांचे जुडगे), सुट्या सुट्या तारांवर छेडलेल्या. चार मात्रा, प्रत्येकीचे तीन भाग. आमची चूक इथेच होती. दर तीन स्वरांतल्या पहिल्यावर आम्ही सारखाच जोर देत होतो, त्यामुळे गाणं पाळण्यासारखं झुलायला लागलं होतं. तुम्ही बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलंत, की वजन चार मात्रांवरच, पण सारखं नाही: दुसरी आणि चौथी जराशी जड, बाकीचे स्वर नुसते वाहते ठेवायचे. मग सांगितलंत, की आर. ई. एम. या बँडच्या या १९९२ च्या गाण्याचा बराचसा भाग त्यांच्या ड्रमरनं, बिल बेरीनं लिहिलाय, आणि तरी सुरुवातीपासून जे ऐकू येतं ती ड्रम मशीनची कोरडी टिकटिक आहे. आमच्या ड्रमरचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. तंतुवाद्यांची रचना लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सची, पण तीही कडव्यांच्या डोक्यावर बसत नाही. ज्याला धीर द्यायचा त्याचं बोलणं आधी संपू द्यायचं, असं काहीसं तुम्ही पुटपुटलात आणि लगेच 'क्रीप' लावलंत.

ती तुलना अजून डोक्यातून जात नाही. रेडिओहेडच्या त्या गाण्यात चारच कॉर्ड आहेत: जी, बी, सी आणि शेवटी सी मायनर. सगळं गाणं त्याच चकरीत फिरतं. जी म्हणजे पांढरी पाच हा षड्ज धरून एकच धागा तुम्ही आम्हाला गायला लावलात: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत आणि परत पंचम. दोन अर्ध्या पायऱ्या चढायच्या आणि त्याच दोन उतरायच्या. पाच स्वरांत अख्ख्या गाण्याची निराशा. शब्द कळत नसले तरी कळावं, की या माणसाला उठायचं होतं आणि जमलं नाही. यात भाव कुठून आणायचा? तो शुद्ध धैवत कोमल होतो तिथे कीबोर्डवाला आधीपासूनच कोमल धैवत धरून बसला, तर चढणंही दिसत नाही आणि पडणंही. आमचा नेमका तसाच बसला होता.

'क्रीप'च्या ध्रुवपदाआधी त्यांचा जॉनी ग्रीनवुड गिटारवर जे दाबलेले घाव मारतो, त्याचंही गणित तुम्ही मांडलंत. डावा हात तारांवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. उजव्यानं मात्र पूर्ण जोरानं मारायचं. डावा जरा जास्त दाबला की भलतीच कॉर्ड वाजते, जरा उचलला की हार्मोनिकची शिट्टी निघते. आणि कडवं आधीच मोठ्या आवाजात वाजवलेलं असेल तर हे घाव बसतच नाहीत. निराशेच्या गाण्यात धक्का चालतो, किंबहुना लागतोच. धीराच्या गाण्यात तोच धक्का म्हणजे रडणाऱ्याच्या पाठीवर थाप मारताना त्याला पाडण्यासारखं.

'कम्फर्टेबली नम'बद्दल तुम्ही जे दाखवलंत ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, आणि आम्ही ते वर्षानुवर्षं ऐकतोय. पिंक फ्लॉइडच्या या १९७९ च्या गाण्यात दिलासा देणारे शब्द डॉक्टरच्या तोंडी आहेत. ते रॉजर वॉटर्स गातो आणि तेवढा भाग बी मायनरमध्ये, अंधारात आहे. बधिर झालेल्या रुग्णाचे शब्द डेव्हिड गिल्मोर गातो आणि ते डी मेजरमध्ये, लख्ख उजेडात. दोन्ही स्केलचे सात स्वर तेच, फक्त षड्ज हललाय. डॉक्टरला त्याच्या दुखण्याशी देणंघेणं नाही, त्याला कार्यक्रमासाठी उभं करायचंय, म्हणून दिलासा काळा. दुखणं जाणवायचंच थांबलंय, म्हणून बधिरपणा गोड. गिटारचा पहिला सोलो मेजरमध्ये आणि शेवटचा मायनरमध्ये का, हे त्यानंतर विचारावं लागलं नाही. दोन्ही सोलो एकाच जोशात वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, कबूल.

'द शो मस्ट गो ऑन'वर तुम्ही फार थांबला नाहीत. बी मायनरमधून सी शार्प मायनरमध्ये चढतं आणि शेवटी पुन्हा खाली येतं, तो चढ गायकाला झेपत असेल तरच हात लावा, एवढंच म्हणालात. क्वीनचं हे गाणं ऑक्टोबर १९९१ मध्ये सिंगल म्हणून आलं आणि फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबरला गेला. ते माहीत असलं की फुकटचा आव आणून गाववत नाही.

उलट 'हे ज्यूड'वर भरपूर थांबलात, कारण वेग सगळ्यात जास्त तिथेच पळतो. बीटल्सचं, १९६८ चं, सात मिनिटांहून थोडं लांब, आणि त्यातली जवळजवळ चार मिनिटं नुसतं शेवटचं सामूहिक गाणं. मॅकार्टनीनं लेननच्या लहान मुलाला, त्याचे आईवडील वेगळे होत असताना, धीर द्यायला लिहिलेलं. कडव्यांत सी सेव्हन ही कॉर्ड सतत घराकडे, म्हणजे एफकडे ओढते. शेवटच्या भागात ती गायब होते आणि उरतात एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट, पुन्हा एफ. ओढणारी कॉर्डच नाही, म्हणून घाई नाही, म्हणून ते चार मिनिटं फिरू शकतं. ड्रमर प्रत्येक फेरीला नवा फिल, म्हणजे मधला भरणीचा तुकडा, टाकायला लागला की लोक टाळ्या चुकतात आणि गाणं धावतं. चार फेऱ्यांत एकच फिल, हा तुमचा नियम आता भिंतीवर लिहिलाय.

आणि गायकाची पट्टी! "आवाज चढत नाही, रियाज वाढव" हे त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं, की तो डीच्या वरच्या ओळी आल्या की डोळे मिटून घ्यायचा. तुम्ही विचारलंतही नाही, गिटारच्या सहाही तारा एकेक पूर्ण स्वर खाली उतरवल्यात. बोटं डीचीच, आवाज सीचा, सुट्या तारांची छेडही तशीच. नऊच्या (०.००९ इंच जाडीच्या) बारीक तारा इतक्या उतरवल्या की लोळतात आणि फ्रेटवर झणझणतात, म्हणून अकराचा संच लावायचा. रिव्हर्ब तीन सेकंदांवरून सव्वावर आणलात, त्याच्या परतीतला २५० हर्ट्झखालचा भाग कापलात, प्री-डिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीची उसंत, ४० मिलिसेकंद ठेवलात, म्हणजे व्यंजनं आधी येतात आणि खोली मागून. माइक चार बोटांवर. त्याहून जवळ गेलं की आवाज घुमायला लागतो. धीर देणारा माणूस शेजारी बसलेला वाटला पाहिजे, डोंगरावर नव्हे, हे मात्र तुम्ही हसत हसत म्हणालात.

आपल्याला येतं ते दुसऱ्याला लाज न वाटू देता देणारी माणसं या धंद्यात कमी. ज्ञान दाखवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही जाताना पैशांचा विषयही काढू दिला नाहीत, वर ड्रमरला "तुझा हात चांगला आहे" म्हणालात. दोन कडवी तो हात अडवून ठेवल्यावर!

आता स्नेअरवर चार घड्यांचा एक रुमाल असतो. तिसऱ्या कडव्याआधीच्या श्वासाला ड्रमर तो डाव्या हातानं उचलतो, मांडीवर टाकतो आणि खटका वर करतो. कधी कधी विसरतो, आणि मग तेवढं कडवं रुमालासकटच होतं. तेही वाईट लागत नाही.

तुमचे,
त्या दिवशीचे पाच जण